डॅशबोर्डमधली पिवळी वायर कापू नका

गेले काही दिवस एक मेसेज सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, जुन्या वर्गमित्रांच्या अशा सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मथळा असा: "जुन्या गाडीचा टेप बदलू नका, दोनशे रुपयांत घरीच बसवा लपवलेला म्युझिक प्लेअर, शोरूमची लूट थांबवा." खाली कृती दिली आहे. डॅशबोर्ड उघडा, आत पिवळी वायर दिसेल. ती प्रत्येक गाडीत 12 व्होल्टची असते, टेस्ट लॅम्प (वायरीत वीज आहे का ते पेटून दाखवणारा बल्ब) लावून खात्री करा, कापा आणि जोड मारा. फ्यूजची गरज नाही. ब्लूटूथ मॉड्यूल, म्हणजे मोबाइलवरची गाणी वायरीशिवाय पकडणारी छोटी पाटी, मिळालं नाही तर जुन्या मोबाइलमध्ये गाणी भरा, तो चार्जरला कायमचा जोडा आणि ग्लव्ह बॉक्सच्या वर आत सरकवून द्या. आवाजाची वायर थेट स्पीकरला, मायनस गाडीच्या बॉडीला. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून वॉरंटीलाही धक्का नाही.

परवा मुलुंडहून मामांचा फोन आला. डॅशबोर्डचा पुढचा भाग काढून, हातात पक्कड घेऊन ते बसले होते. "अरे, इथे दोन पिवळ्या दिसतायत. एक बारीक आहे, दुसरी जाड पिवळ्या नळीतून आलीय. कुठली कापू?" मी त्यांना आधी पक्कड खाली ठेवायला सांगितलं, गाडीतून बाहेर यायला सांगितलं आणि मग बोललो. ती जाड पिवळी नळी एअरबॅगची होती.

म्हणून सर्वांत आधी ही पिवळी वायर. बाकीचे मुद्दे चुकले तर पैसे जातील, हा चुकला तर माणूस जायबंदी होईल.

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. बाजारातून आणलेल्या टेपच्या मागून जी वायरींची जुडी येते, तिच्यात पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा 12 व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा आणि काळी म्हणजे अर्थिंग, हा रिवाज बहुतेक कंपन्या पाळतात. पण तो त्या टेपच्या जुडीपुरता. गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये रंग कुठले वापरायचे हे प्रत्येक गाडी कंपनी आपलं आपण ठरवते. मात्र कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि वायरींवरचं आवरण यांचा पिवळा रंग सहसा एका कामासाठी मुद्दाम राखलेला असतो, ते काम म्हणजे एअरबॅग. पिवळं कपलर, पिवळी नळी किंवा पिवळी टेप दिसली की मेकॅनिकनं हात मागे घ्यावा, एवढ्यासाठीच तो रंग आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकी हीच खूण "इथे कापा" म्हणून लोकांच्या हातात दिली आहे.

टेस्ट लॅम्प लावून खात्री करण्याचा सल्ला तर त्याहून वाईट. एअरबॅगच्या आत विजेनं पेटणारी एक बारीक वात असते. साधारण सव्वा अँपियर करंट दोन-एक मिलिसेकंद मिळाला की ती पेटते आणि पिशवी फुगायला सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकाच वेळ लागतो. टेस्ट लॅम्पमधला 12 व्होल्ट, 5 वॅटचा छोटा बल्बसुद्धा 0.4 अँपियरच्या वर करंट ओढतो. वात पेटणार नाही याची हमी साधारण तिथेच संपते. त्या जागी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब वापरला तर पावणेदोन अँपियर. गॅरेजमध्ये टेस्ट लॅम्प म्हणून होल्डरला दोन वायरी लावलेला इंडिकेटरचा बल्ब किती ठिकाणी दिसतो ते आठवून बघा. आणि माणूस त्या वेळी कुठे असतो? डोकं डॅशबोर्डमध्ये, चेहरा स्टिअरिंगपाशी.

हे माझं मत म्हणून सोडून द्यायचं असेल तर टोयोटाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलं एअरबॅगचं प्रकरण काढून वाचा. एअरबॅगची कपलरं ओळखू यावीत म्हणून पिवळी दिली आहेत, हे त्यात आहेच. शिवाय असं बजावलंय की, चावी बंद करून बॅटरीचं मायनस टर्मिनल काढल्यावर निदान 90 सेकंद थांबायचं, तोवर कामाला हातच लावायचा नाही. कारण अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून त्या यंत्रणेत थोडी वीज साठवून ठेवलेली असते. प्रशिक्षित मेकॅनिकला, स्वतःच्याच कंपनीच्या गाडीवर, इतकी सावधगिरी सांगितली जाते. त्या मेसेजमध्ये बॅटरीचं टर्मिनल काढा, एवढं एक वाक्यसुद्धा नाही.

नुसती वायर कापली आणि काही फुटलं नाही, तरी सुटका नाही. मीटरवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो विझेपर्यंत अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. "आमच्या जुन्या गाडीत एअरबॅग कुठली?" असं कुणी म्हणेल. 1 जुलै 2019 पासून भारतात नव्या गाडीला चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून वरच्या मॉडेलांमध्ये ती येत होती, मामांच्या गाडीत दोन आहेत. स्टिअरिंगवर आणि डाव्या बाजूला डॅशबोर्डवर "एसआरएस" ही अक्षरं आहेत का, बघा. डावीकडे असतील तर पुढच्या प्रवाशाची एअरबॅग ग्लव्ह बॉक्सच्या वरच बसवलेली असते. म्हणजे मोबाइल लपवायला मेसेजनं सुचवलेली जागा तीच. एअरबॅग उघडली तर वाटेत येणारी वस्तू समोर बसलेल्याच्या तोंडावर येते. त्या सीटवर बहुतेक घरांत कोण बसतं, हे मी सांगायला नको.

आता तो जुना मोबाइल. लिथियमची बॅटरी, तीही चार-पाच वर्षं वापरून थकलेली, कायम चार्जिंगला लावून बंद कप्प्यात ठेवायची, आणि ती फुगली तरी कुणाला दिसणार नाही अशा जागी. ॲपल आपल्या फोनबद्दल स्पष्ट सांगते की 45 अंश सेल्सिअसच्या वर तो बंद अवस्थेतही ठेवू नका आणि उभ्या गाडीत सोडून जाऊ नका. ॲरिझोनात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांचा डॅशबोर्ड सरासरी 69 अंशांवर गेला होता. मुंबईचं ऊन तिथल्याइतकं नाही आणि डॅशबोर्डच्या आत पृष्ठभागाइतका ताप नसतो, हेही खरं. पण मे महिन्यात उघड्यावर दुपारभर उभ्या राहिलेल्या गाडीचं स्टिअरिंग हाताला सोसत नाही, हा अनुभव इथल्या प्रत्येकाला आहे. त्यात टेपची स्वतःची उष्णता मिळवा. ज्यात बॅटरीच नाही असं साधं ब्लूटूथ मॉड्यूल मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतं. मग मोबाइल आत कोंबण्याचं कारणच काय?

फ्यूजबद्दल एवढंच: फ्यूज मॉड्यूलसाठी नसतो, वायरीसाठी असतो. टेपच्या लाइनवर आधीच 10 किंवा 15 अँपियरचा फ्यूज असतो, म्हणून वेगळा नको, असं काही जण म्हणतात. तुम्ही जोडलेली वायर केसासारखी बारीक असते. ती कुठे घासून बॉडीला लागली तर 15 अँपियरचा फ्यूज उडण्याआधी तिचं आवरण जळायला लागेल. एक अँपियरचा फ्यूज, तोही जोडाच्या अगदी जवळ. खर्च वीस-तीस रुपये. आणि जोड म्हणजे दोन वायरी पिळून वर काळी टेप नव्हे. उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद सुटतो आणि पावसाळ्यात आपल्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं. सोल्डर करा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा. त्याहून बरं म्हणजे गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारं जोड-कपलर आणा, मग मूळ वायर कापावीच लागत नाही.

कायमच्या लाइनवर जोडलं की बॅटरी उतरते, हेही मेसेजमध्ये नाही. मॉड्यूल आणि त्याच्यासाठी व्होल्टेज कमी करणारा कन्व्हर्टर मिळून 50 मिलिअँपियर धरा. दिवसाला 1.2 अँपियर-तास झाले. लहान गाडीची बॅटरी 35 अँपियर-तासांची, म्हणजे पंधरवड्यात ती निम्मी रिकामी. मुंबईत कितीतरी गाड्या रविवारशिवाय जागच्या हलत नाहीत, गणपतीत घर गावाला गेलं की दोन-दोन आठवडे उभ्या असतात. चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनवरून करंट घ्या, प्रश्न मिटला.

स्पीकरचा सल्ला ज्यानं दिला त्यानं आयुष्यात एकही टेप उघडलेला नसावा. हल्लीच काय, गेल्या कित्येक वर्षांतल्या टेपांमध्ये स्पीकरची मायनस वायर अर्थिंग नसते. दोन्ही वायरींवर अँप्लिफायर काम करत असतो आणि दोन्हींवर बॅटरीच्या साधारण निम्मा व्होल्टेज उभा असतो. त्यातली एक बॉडीला लावली की टेपमधली स्पीकरला आवाज देणारी चिप जळू शकते. पायोनियरच्या टेपबरोबर येणाऱ्या पत्रकात स्पीकरची मायनस अर्थ करू नका, असं बजावलेलं असतं. आणि टेप चालू असताना मोबाइलचा आवाज त्याच वायरींत घातला, तर तो सहा-सात व्होल्ट उलटा मोबाइलमध्ये शिरतो. शिवाय हेडफोनच्या पिनमधून निघणाऱ्या आवाजाला गाडीचा स्पीकर हलवण्याइतकी ताकदच नसते.

आवाज आत घ्यायची जागा म्हणजे टेपच्या मागचं ऑक्स (बाहेरचा आवाज आत घेणारं भोक), ते नसेल तर सीडी चेंजरसाठी दिलेलं कपलर. कॅसेटचा टेप असेल तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर, त्याला वायर कापायची गरज नाही. मोबाइलचं गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर सर्वांत सोपा, पण 91.1, 92.7, 93.5, 98.3, 100.7, 104, 107.1 अशी ओळीनं स्टेशनं असलेल्या या शहरात दादरला मोकळी सापडलेली जागा ठाण्याला मोकळी राहीलच असं नाही. मेसेजमधली एक गोष्ट इथे मनाविरुद्ध का होईना, मान्य करावी लागते. आत वायरनं जोडलेला लपवलेला अडॅप्टर या ट्रान्समीटरपेक्षा नक्कीच चांगला वाजतो, आणि चालू टेप फेकून नवा घ्यायला लावणारे दुकानदारही आहेत. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर मॉड्यूलचं अर्थिंग टेपच्याच काळ्या वायरीवर घ्या. तरीही राहिली तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे अर्थिंगमुळे येणारी ही शिट्टी अडवणारी छोटी डबी, टाका.

राहिली वॉरंटी. बाहेरून दिसत नाही म्हणजे सर्व्हिस सेंटरलाही दिसत नाही, हा समज चुकीचा आहे. विद्युत बिघाडाची तक्रार आली की ते पहिल्यांदा वायरिंगच बघतात, आणि कापलेली मूळ वायर लपत नाही. ती सापडली की त्या भागाचा दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं. गाडीबरोबर न आलेलं विद्युत उपकरण विम्यात वेगळं नोंदवावं लागतं, तेही कुणी सांगत नाही. जोड-कपलर वापरलं असेल तर वर्कशॉपला जाण्याआधी दहा मिनिटांत सगळं काढून मूळ कपलर पुन्हा लावता येतं. तेही बॅटरीचं मायनस काढूनच.