स्वेच्छेनं भरा म्हणे!

आज प्राप्तिकर खात्याचा चौथा मेसेज. रिटर्नमध्ये तफावत आहे, ३१ डिसेंबरच्या आत स्वेच्छेनं सुधारित रिटर्न भरा. अहो, तफावत माझी नाही, बँकेची आहे! बाबा गेल्यावर एफडी आईच्या नावावर केली, तेव्हा त्या लोकांनी तिला माझा पॅन चिकटवला. म्हणून २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं आईचं ४६ हजार व्याज माझ्या एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडच्या माझ्या वार्षिक व्यवहारांच्या यादीत, येऊन बसलंय. तेव्हा ज्येष्ठांना ५० हजारांपर्यंतच्या व्याजावर टीडीएस, म्हणजे बँकेनंच आधी कापायचा कर, नव्हता, आम्हाला ४० हजारांनंतर होता. झालं, कापला!

एआयएसमध्ये 'ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे' असं कळवायची सोय आहे. कळवलं. प्राप्तिकर खातं ते पडताळायला कुणाकडे पाठवतं? त्याच बँकेकडे! बँकेचं उत्तर : माहिती बरोबर आहे. चोराला विचारायचं, चोरी केलीस का. दादरच्या शाखेत दोन शनिवार घातले. काउंटरवरच्या बाई म्हणतात, "सिस्टीममध्ये असंच दिसतंय सर." दिसणारच ना बाई, तुम्हीच टाकलंय!

सीए म्हणतो, भरून टाक, कशाला डोक्याला ताप. तारीख उलटली की अद्ययावत रिटर्न, म्हणजे कर आणि व्याजावर आणखी २५ टक्के, आणि चौथ्या वर्षापर्यंत रेंगाळलं तर ७० टक्के. याला स्वेच्छा म्हणायचं!

धाड नको, नोटीस नको, आधी नुसता हळूच धक्का द्यायचा, ही कल्पना मुळात वाईट नाही, ते मान्य. २०२४ च्या नोव्हेंबरात परदेशी मालमत्तेबद्दल असेच मेसेज गेले, तर २४,६७८ जणांनी रिटर्न सुधारून २९,२०८ कोटींची मालमत्ता दाखवली. पण तीसुद्धा परदेशातून आयती माहिती आली म्हणून. ज्याची नोंदच कुठे नाही, त्याला धक्का कसा देणार?

आईच्या स्वयंपाकघराच्या टाइल्स घ्यायला लालबागला गेलो. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "कच्चं की पक्कं? पक्क्या बिलाला १८ टक्के जीएसटी वर." मी पक्कं म्हटलं, तर वेड्याकडे बघावं तसं बघितलं त्यानं. वर गल्ल्यामागच्या क्यूआर कोडवर हात ठेवून म्हणतो, "कॅशच द्या साहेब, नेटवर्क नाहीये."

बाहेर माझ्या फोनला फुल रेंज होती. चौथा मेसेज तिथेच आला.