माडावरच्या नारळावर ‘डॉट’ सेट करू नका

‘शेतकरी बांधवांनो, बंदुकीवरचा रेड डॉट घरच्या घरी सेट करा’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर फिरतोय. आठ मुद्दे, खाली हात जोडलेले, आणि ‘जास्तीत जास्त पुढे पाठवा’. पहिल्यांदा आला तेव्हा मी वाचून सोडून दिला होता. काल तो माझ्या मामेभावाकडे पोचला. त्याच्याकडे शेती संरक्षण परवान्यावरची एकनळी बारा बोअर आहे. भात पोटरीला आलं की डुकरं खाचरात उतरतात. गणपतीला मुंबईहून आलेल्या भाच्याने त्या बंदुकीवर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारं नेम धरायचं साधन, बसवून दिलाय. भावाचा फोन आला, “दादा, मेसेजात लिवल्यानी हा तसा माडार दोन बार काढून बघू काय?”

म्हणून हे लिहितोय. फौजेत असताना रायफल झिरो करणं, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडेल असं जुळवणं, आणि ते पोरांकडून करून घेणं हे माझं रोजचं काम होतं. बारा बोअरची बंदूक वेगळी असली तरी नियम तेच आहेत.

सुरुवात पाचव्या मुद्द्यापासून करतो. बाकीच्या मुद्द्यांकडे नंतर येतो, हा पाळला तर थेट माणूस जाईल. मेसेज म्हणतो: ‘खात्री करण्यासाठी उंच माडावरचा नारळ टिपा. गोळी आभाळात जाते, त्यामुळे कोणाला धोका नाही.’

आभाळात गेलेली गोळी आभाळात राहत नाही. ती कुठे उतरते याचा अंदाज बांधायची एक सोपी रीत आहे. ज्युर्ने नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने शिशाच्या गोल छऱ्यांच्या पल्ल्याचा नियम घालून दिला आणि बंदुकीच्या रेंजवर मागे मोकळी जागा किती सोडायची हे ठरवताना तो आजही वापरतात. मूळ नियम इंच आणि यार्डांत आहे: छऱ्याचा व्यास इंचांत घ्यायचा, २२०० ने गुणायचं, येतो तो जास्तीत जास्त पल्ला यार्डांत. आपल्या मापात सांगायचं तर मिलिमीटरमधला व्यास गुणिले साधारण ८० म्हणजे मीटर. आता हिशेब करा. पाखरांसाठीचा तीन मिलिमीटरचा बारीक छर्रा २४० मीटर जातो. डुकरासाठी लोक एलजी, म्हणजे मोठ्या छऱ्यांचं काडतूस, घेतात, त्याचा छर्रा नऊ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ७०० मीटरच्या पुढे. आणि एकगोळीचं काडतूस असेल, सतरा मिलिमीटरचा गोळा असेल, तर सव्वा किलोमीटर ओलांडून जातो.

पंधरा मीटर उंचीचा माड आणि तुम्ही त्याच्यापासून पंचवीस मीटरवर उभे, तर नळी जमिनीपासून तीस अंशांच्या आसपास उचललेली असते. छर्रा जवळपास आपल्या कमाल पल्ल्याइतका जातो तो ह्याच कोनात. गोळी सर्वांत लांब फेकायची असती तर बंदूक साधारण अशीच धरावी लागली असती!

आपली वस्ती कशी आहे ते डोळ्यांसमोर आणा. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत हाक पोचते. माडाच्या पलीकडे पाणंद, पाणंदीच्या पलीकडे काजूची बाग, बागेत बोंडं वेचणारी बाई. सातशे मीटरमध्ये आपल्याकडे निदान दहा-वीस घरं येतात. झावळ्यांतून पलीकडचं काही दिसत नाही. उतरतीचा छर्रा थकलेला असला तरी डोळा घेऊन जातो, आणि एकगोळी डोक्यावर आली तर पुढचं सांगायला नको. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं बेदरकार कृत्य हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे. कोणाला काही लागलं नाही तरीही.

बरं, एवढं करून कळतं काय? काहीच नाही. नारळ पडला तर एक छर्रा लागून पडला की मधोमध बार बसला हे खालून दिसत नाही. पडला नाही तर बार डावीकडून गेला, उजवीकडून की वरून, तेही कळत नाही. झिरो करायला भोक दिसावं लागतं आणि ते मोजता यावं लागतं. म्हणून कागद लागतो.

काही जण शहाणपणा करून बंद पडलेल्या चिरेखाणीत जातात. तिथे माणूस नसतो हे खरं. पण कापलेला जांभा कडक असतो, आणि कडक भिंतीवर आदळलेलं शिसं कुठल्याही दिशेला उलटतं. मागे मऊ मातीचा उंच बांध हवा. रायफल क्लबची रेंज गाठता आली तर उत्तम. नाहीतर ठाण्यात विचारा, कुठे परवानगी मिळते ते. रानात आपलं आपण ठरवू नका.

पहिला मुद्दा लेझर काडतुसाचा, म्हणजे काडतुसाच्या आकाराच्या लेझर दिव्याचा. ‘नळीत लेझर काडतूस घाला, भिंतीवरच्या लेझरवर डॉट आणा, झालं. बार काढायची गरजच नाही.’ यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. लेझरने तुम्ही पहिल्या बारात कागदावर तरी येता, दोन-तीन काडतुसं वाचतात. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, शिवाय काडतूस स्वस्त नाही, त्यामुळे ही बचत मी हलकी मानत नाही. पण लेझरला धक्का नसतो. खरा बार उडतो तेव्हा गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक मागे सरकायला आणि नाक वर उचलायला लागलेली असते. हे उचलणं किती, ते बंदुकीचं वजन, दस्त्याचा बाक आणि काडतूस यांवर ठरतं. लेझरला यातलं काहीच माहीत नाही.

दुनळी असेल तर हा सल्ला पार उलटा पडतो. दुनळीच्या दोन्ही नळ्या समांतर नसतात, तोंडाकडे किंचित जवळ आणलेल्या असतात. उजव्या नळीचा बार उडाला की बंदूक उजवीकडे ओढली जाते, डावीचा उडाला की डावीकडे. दोन्ही बार एकाच जागी पडावेत म्हणून कारागिराने ती ओढ धरूनच नळ्या जोडलेल्या असतात. अशा उजव्या नळीत लेझर घातला तर तो डावीकडे दाखवणार. त्यावर डॉट आणलात की कारागिराचं काम तुम्ही पुसून टाकलंत.

दुसरा मुद्दा: ‘छर्रे दारासारखे पसरतात, त्यामुळे झिरो थोडा इकडेतिकडे चालतो.’ छर्रे पसरतात, खरं आहे. पण किती? चोक (नळीचं तोंड किंचित अरुंद करणं) नसलेल्या नळीतून साधारण दर यार्डाला एक इंच. दहा मीटरवर हा पसारा जेमतेम सव्वा वीत होतो. दार कुठे आणि सव्वा वीत कुठे. आणि एलजीच्या काडतुसात छर्रे मोजके. पसाऱ्याचा मध्य वीतभर बाजूला गेला तर डुकराच्या छातीऐवजी पोटात एखादा छर्रा बसतो. ते जनावर जखमी होऊन जाळीत घुसतं, आणि सकाळी त्या बाजूने गुरं घेऊन जाणाऱ्या माणसावर उलटतं. थोडा इकडेतिकडे चालत नाही. छऱ्याचं काडतूस असेल तर मोठा कागद लावून पसाऱ्याचा मध्य शोधायचा, एकगोळी असेल तर तीन भोकांचा. ज्या काडतुसाने झिरो केलात तेच वापरायचं. एलजीवर केलेला झिरो एकगोळीला लागू धरू नका.

तिसरा मुद्दा: ‘गोळी डावीकडे लागली तर डॉट डावीकडे न्या.’ हेही तसं बरोबर आहे. गोळी पडते तिथे डॉट गेला पाहिजे. घोळ असा की डॉटच्या स्क्रूवर जो बाण असतो तो बहुतेक वेळा गोळी कुठे सरकेल ते दाखवतो. गोळी डावीकडे पडत असेल तर बाणाप्रमाणे उजवीकडे फिरवायचं. भाऊ नेमका इथेच अडकला होता. पुढे मेसेज ‘प्रत्येक बारानंतर’ फिरवायला सांगतो, ते साफ चूक. एका बाराने काही ठरत नाही, खांदा हलला असेल, चाप झटक्यात ओढला असेल. आधी ग्रुपिंग, म्हणजे बार एका जागी पडतात का ते बघणं, मग झिरोइंग. बंदुकीचा पुढचा लाकडी भाग वाळूच्या पिशवीवर टेकवा, नळी कशालाही टेकवू नका. पंचवीस मीटरवरच्या कागदावर एकाच खुणेवर तीन बार काढा. तिन्हींचा मध्य खुणेपासून किती लांब ते पट्टीने मोजा. बऱ्याच रेड डॉटचा एक क्लिक (स्क्रूचा एक टप्पा) एक एमओए या कोनाच्या मापाचा असतो, म्हणजे पंचवीस मीटरवर सुमारे सात मिलिमीटर. मध्य सात सेंटिमीटर डावीकडे असेल तर दहा क्लिक उजवीकडे. मग पुन्हा तीन. आपल्या डॉटचा क्लिक किती ते त्याच्या कागदावर छापलेलं असतं, तो कागद फेकू नका.

चौथा मुद्दा वाचून मात्र डोकं फिरलं. ‘खारी हवा आहे, स्क्रू गंजू नयेत म्हणून माउंटच्या खाली आणि स्क्रूंना खोबरेल तेल लावा.’ माउंट म्हणजे डॉट बंदुकीवर धरून ठेवणारी पकड. खाऱ्या हवेची काळजी योग्य, उपाय घातक. माउंट घट्ट आवळूनच धरलेला असतो, आणि त्या जागी तेल म्हणजे दर धक्क्याला सरकायची सोय. त्यात खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, थंडीतल्या पहाटे खाचांत पांढरं घट्ट होऊन बसतं आणि पुढे चिकट होतं. स्क्रू आणि त्यांची भोकं थिनरने पुसून कोरडी करा, आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या डिंकाचा) एक थेंब टाका, बेताने घट्ट करा. मग स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत घरातल्या नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. नळीला बंदुकीचं तेल जरूर लावा. बॅटरी पावसाळ्यात काढून डबीत ठेवा.

सहाव्यात एअरगनचा जुना स्कोप बारा बोअरवर चढवायला सांगितलंय. तसल्या स्कोपला हा धक्का झेपायचा भरवसा नाही, आणि डोळा जवळ लावावा लागत असेल तर भुवई फुटते.

सातवा: ‘शेती संरक्षण परवाना असला की डुक्कर केव्हाही मारता येतं.’ येत नाही. परवाना बंदूक बाळगायचा आहे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये येतं, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठीही वन विभागाची परवानगी लागते. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्याकडे नळी वळवायचीही नाही.

आठवा: ‘एकदा सेट केलेला डॉट जन्मभर हलत नाही.’ आपल्याकडे तर तो दर निवडणुकीला हलू शकतो. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बऱ्याच बंदुका ठाण्यात जमा होतात, मग लोकसभा असो, विधानसभा असो की जिल्हा परिषद. पीक उभं असताना बंदूक नसते हे दुखणं वेगळंच. पण तिथे बंदुका एकमेकींना टेकून महिनाभर उभ्या असतात, जाता-येता रिक्षात नाहीतर मोटरसायकलवर आपटतात. एकनळीची बिजागरी जुनी होऊन खिळखिळी झालेली असेल आणि डॉट नळीवर न बसवता मागच्या भागावर बसवलेला असेल, तर नळी साफसफाईला काढून परत लावली तरी फरक पडतो. बंदूक घरी आली की आधी उघडून रिकामी असल्याची खात्री करा, मग नेलपॉलिशची रेघ बघा, नळी हाताने हलवून खेळ आहे का ते तपासा. रेघ तुटलेली असो वा नसो, त्या हंगामात खाचरावर न्यायच्या आधी रेंजवर कागदावर तीन बार काढा. तेवढी काडतुसं बाजूला ठेवूनच वर्षाची खरेदी करा.