वजन नाही, गोळीची बांधणी बघा
‘.२२३ मध्ये ५५ ग्रेनची कुठलीही गोळी हरणाला पुरते’ हे शिकारीच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही (.२२३ हे लहान व्यासाच्या रायफल-काडतुसाचं नाव, ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं एकक). कोल्ह्या-सशासाठीची पातळ वेष्टणाची गोळी मी एकदा हरणावर झाडली. अंधार पडता पडता ते सापडलं, तेव्हा खांद्यावर तळहाताएवढी जखम होती आणि गोळीचे तुकडे हाडावरच अडकलेले. फुफ्फुसापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. तोवर ते जनावर जिवंत होतं, हे अजून सलतं.

इतक्या लहान कॅलिबरमध्ये (गोळीच्या व्यासात) बाँडेड, म्हणजे शिशाचा गाभा वेष्टणाला घट्ट जोडलेली, किंवा अखंड तांब्याचीच गोळी घ्या. आणि नळीचा पीळ, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा वेढा! लेखात त्याचा उल्लेखच नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर राहायला तिला जास्त जलद गिरकी लागते. ६२ ग्रेनची तांब्याची गोळी १२ इंचांत एक वेढा देणाऱ्या नळीतून नीट स्थिर होत नाही, ९ इंचांचा पीळ लागतो.