वजन कळलं, पण कण कुठले?

पीएम २.५ चा आकडा चढला म्हणजे दोष कारखान्यांचाच, असं हवेच्या प्रदूषणावरच्या तुमच्या लेखात सरळ म्हटलंय. हे पटलं नाही. तो आकडा म्हणजे एक घनमीटर हवेतल्या, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान अशा बारीक कणांचं वजन. कण आले कुठून, हे कळायला हवा ओढून फिल्टरवर बसलेल्या थराचं रासायनिक विश्लेषणच लागतं. लेव्होग्लुकोसान (सेल्युलोज जळताना तयार होणारं एक संयुग) सापडलं तर लाकूड किंवा पालापाचोळा जळतोय. व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू जोडीने वाढले तर जड इंधन तेल, म्हणजे जहाजं किंवा बॉयलरमध्ये जळणारं घट्ट तेल, याचा संशय. सल्फेट तर बरंचसं हवेतच सल्फर डायऑक्साइडपासून तयार होतं, त्यामुळे मूळ चिमणी शेकडो किलोमीटर लांबही असू शकते!

चिमणीतून नमुना घेणं तर फारच जिकिरीचं. नळीच्या तोंडाशी हवा ओढण्याचा वेग चिमणीतल्या वायूच्या वेगाइतकाच ठेवावा लागतो. ओढ कमी पडली की जास्तीची हवा नळीच्या बाजूने वळून जाते, पण मोठे कण आपल्याच वेगाने सरळ नळीत शिरतात आणि प्रदूषण आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. ओढ जास्त झाली की ते नळीला चुकवून पुढे जातात, आणि कारखाना कागदावर स्वच्छ ठरतो. या एका गोष्टीवर अहवाल फिरू शकतो.

फिल्टरचंही तसंच. धातूंसाठी टेफ्लॉनचा, कार्बनसाठी क्वार्ट्झचा. नमुना उष्णतेत पडून राहिला तर कणांमधलं अमोनियम नायट्रेट उडून जातं आणि वजन कमी भरतं. म्हणून आकडे छापताना नमुना कसा घेतला, कसा साठवला आणि सोबतच्या कोऱ्या (हवा न ओढलेल्या) फिल्टरवर काय आढळलं, हेही कृपया छापत जा.