पर्यटक आणि खेळाडू यांची दोरी एकच असते

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर जलक्रीडा आणायची की नाही, यावर आमच्या गावाकडच्या ग्रुपवर कितीतरी दिवस भांडण चाललं आहे. एका बाजूचं म्हणणं, "आमी धानाच्या पाण्यासाठी रडून राह्यलो न तुमाले पाण्यावर घसरायचं हाय." दुसरी बाजू म्हणते, स्पीडबोटी आणा, जेट स्की आणा, नागपूरचा पैसा येईल, पोरांच्या हाताला काम मिळेल. मधेच एखादा तिसरा सूर लागतो: खेळच आणायचा तर अकादमी काढा, मेडलं आणा, टाइमपास कशाला. मी काही लिहिलं की उत्तर ठरलेलं आहे: "भाऊ, तुमचं बरं आहे, तिकडून सांगायला."

पहिल्या बाजूशी माझं भांडण नाही. 1988 साली पायाभरणी झालेल्या धरणाच्या कालव्यांची कामं वर्षानुवर्षं रखडली, गावं मात्र उठवली गेली. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांना त्या पाण्यावर कुणी मजा करतंय हे बघून राग येणार, आणि तो रास्त आहे. मला चीड येते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या बाजूची. दोघे एकमेकांना शिव्या देतात, पण दोघांच्या डोक्यात चूक एकच आहे. दोघांनाही वाटतं की दहा मिनिटं पाण्यावर मजा करायला आलेला माणूस आणि स्पर्धेत उतरणारा माणूस यांच्या जाती वेगळ्या. म्हणून एकाला तिकीटखिडकी हवी आहे आणि दुसऱ्याला निवडक दहा पोरांचं वसतिगृह. वॉटर स्कीइंगमध्ये, म्हणजे बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरायच्या खेळात, तरी ही भिंत टिकत नाही.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या मिनेसोटातच हा खेळ जन्मला. 1922 साली लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने आठ फूट लांब, नऊ इंच रुंद फळ्यांची टोकं गरम पाण्यात वाकवली, खिडकीच्या झडपेला लागते ती सुताची दोरी घेतली, धरायला लोखंडी कडं लावलं आणि बोटीमागे उभा राहिला. लेक पेपिन म्हणजे मिसिसिपी नदीच रुंद झालेली जागा, आपल्या वैनगंगेच्या फुगवट्यासारखी. 1925 मध्ये त्याने चरबी लावलेल्या उतारावरून उडीही मारली. पेटंट त्याने घेतलं नाही. त्याच वर्षी ते दुसऱ्याने, फ्रेड वॉलरने, घेतलं. सॅम्युएलसन पुढे टर्की पाळणारा शेतकरी झाला आणि पहिला मान त्याचा, हे अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेने मान्य केलं ते 1966 मध्ये. ग्रुपवर ज्याला 'श्रीमंतांचे चोचले' म्हणतात तो खेळ एका गावातल्या पोराने फळी आणि दोरीवर उभा केला, हे आधी लक्षात घ्या.

आता स्लॅलमचं, म्हणजे नागमोडी वळसे घालत जायच्या प्रकाराचं, गणित बघा, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. बोट सरळ रेषेत जाते. तिच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने सहा बोया (तरंगत्या खुणा) असतात, प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून 11.5 मीटरवर. दोन बोयांमधलं लांबीचं अंतर 41 मीटर, प्रवेशाच्या आणि निकासाच्या दारापासून पहिली-शेवटची बोया 27 मीटरवर, म्हणजे कोर्स एकूण 259 मीटर. सहाही बोयांना बाहेरून वळसा घालून निकासाचं दार गाठलं की बोटीचा वेग ताशी 3 किलोमीटरने वाढतो. पुरुषांचा वेग 58 वर थांबतो, स्त्रियांचा 55 वर. त्यानंतर वेग वाढत नाही, दोरी आखूड केली जाते: 18.25 मीटरवरून 16, मग 14.25, 13, 12, 11.25, 10.75, 10.25, 9.75. ताशी 58 ला अख्खा कोर्स सोळा सेकंदांत संपतो. दोरी 11.25 झाली की ती बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर ताणलेल्या हातांनी आणि पाण्यावर जवळजवळ आडव्या झालेल्या अंगाने भरून काढायचं असतं.

या मोजमापाची खुबी अशी की ते सगळ्यांना एकच आहे. पहिल्यांदा कोर्समध्ये शिरलेली बाई 31 च्या वेगात दोन बोया घेते आणि जगज्जेता 9.75 च्या दोरीवर दोन बोया घेतो. दोघांचा गुण मोजणारी पट्टी तीच. म्हणून इथल्या स्पर्धांत नऊ वर्षांपर्यंतच्या पोरांपासून ऐंशी पार केलेल्यांपर्यंत वयोगट आहेत, आणि नवख्यांसाठी कोर्सच्या आत अरुंद छोटा कोर्स टाकतात, तिथे दोन स्की घालून उतरलं तरी चालतं. रविवारी मजेसाठी आलेल्याला हळूच सांगायचं: मागच्या वेळी तीन घेतल्या होत्या, आज चौथी बघ. तिथून पुढे तो पर्यटक राहत नाही. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये शो स्कीच्या, म्हणजे स्कीवर कसरती दाखवणाऱ्या, टीमांत आजोबा दोरी सांभाळतात, नात पिरॅमिडवर चढते आणि त्यांच्यातलाच एखादा नॅशनल्सला जातो. ही शिडी उभी केली की अकादमीवाल्यांना पोरं आपोआप मिळतात. निवडीने दहा पोरं घेणाऱ्या वसतिगृहातून हा खेळ वाढलेला मला इथे दिसला नाही.

जेट स्कीवर ही शिडी नाही. पैसे द्यायचे, खाली उतरायचं, संपलं. धंदा होतो, शिकणं होत नाही. आणि वजनासाठी टाक्यांत पाणी भरून मोठी लाट उठवणाऱ्या वेकसर्फच्या बोटी आणाल तर काठ ढासळतील. त्यावरून इथेही लेक असोसिएशनच्या बैठकांत आरडाओरडा होतो. म्हणजे भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं नाही. फरक एवढाच की इथे ती नियमापाशी येऊन थांबतात. स्कीअर ओढायचा तर मागे बघायला दुसरा माणूस किंवा रुंद आरसा हवाच, बोट रस्त्यावर काढताना ड्रेन प्लग (बोटीच्या तळाचं बूच) काढलेला नसेल तर डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, दंड लावतं, अंधार पडायला लागला की दोरी आत. आपल्याकडे नियमांचा बोर्ड आधी लागतो आणि पाळणारा माणूस कधीच नेमला जात नाही, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

शिकवायचं कसं, यावर ग्रुपवर एक अक्षर नाही. पहिला दिवस दोरीवर घालवूच नये. बोटीच्या बाजूला आडवा धातूचा दांडा लावतात, त्याला बूम म्हणतात. नवखा तो धरून बोटीशेजारीच उभा राहतो, शिकवणारा हाताच्या अंतरावर असतो आणि त्याचं बोलणं ऐकू येतं. बूमवर जमलं की बूमला बांधलेली छोटी दोरी, मग मागची लांब दोरी. पाण्यातली सुरुवात अशी: गुडघे छातीशी, स्कीची टोकं पाण्याबाहेर, दोरी दोन्ही स्कींच्या मधोमध, हात सरळ. बोट हळूच दोरी ताणते, स्कीअर ओरडतो, मग चालवणारा एका दमात पण झटका न देता वेग देतो. मोठ्या माणसाला दोन स्कींवर ताशी साधारण 30 ते 35 किलोमीटर पुरे, पोरांना त्याहून कमी.

यात नेहमी चुकतं ते तीन ठिकाणी. माणूस घाबरून हँडल छातीकडे ओढतो. त्याने दोरी क्षणभर सैल पडते आणि तो पाठीवर आडवा होतो. किंवा लवकर उभा राहायला बघतो. पाय सरळ झाले की स्की पाणी नांगरतात आणि तो तोंडावर पडतो. खुर्चीत बसल्यासारखं राहून बोटीलाच उठवू द्यायचं असतं. तिसरं, स्की फाकतात; त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीला दोन्ही टोकं आखूड दोरीने जोडणं. पडलं की हँडल सोडायचं, मग ठीक असल्यास दोन्ही हात डोक्यावर जोडून दाखवायचे. दोरी हाताला कधीच गुंडाळायची नाही. आणि इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही; कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो आणि वास येत नाही.

बोटीचंही सांगतो, कारण खरेदी करणारे इथेच फसतील. स्कीची बोट वेगळी असते. पंखा पोटाखाली, सुकाणूच्या पुढे. इंजिन आणि दोरीचा खांब मध्यावर. म्हणून स्कीअरने बाजूला ताण दिला तरी बोटीचं ढुंगण सरकत नाही आणि मागची लाट बसकी राहते. आउटबोर्ड इंजिनच्या पर्यटनबोटीला मागच्या कडीला दोरी बांधली की प्रत्येक वळणाला बोट हिसके खाते. नवीन स्पर्धाबोट एक लाख डॉलरच्या वर जाते, तेव्हा जुनीच घ्यावी लागेल. पेट्रोल तासाला साधारण 15 ते 20 लिटर. एका माणसाची पाळी पंधरा मिनिटांची धरली तर चार-पाच लिटर, म्हणजे चार-पाचशे रुपये नुसत्या इंधनाचे. धरणाजवळच्या पवनीच्या पोराला हे रोज परवडणार नाही. म्हणून केबलचा विचार व्हायला हवा. दोन खांब, मध्ये तार, विजेची मोटर, दोनेकशे मीटर सरळ पाणी. एका वेळी एकच जण जातो, पण पंखा नाही, पेट्रोल नाही, पाण्यात तेलाचा थेंब नाही. शिकवण्याचा खर्च तिकडे खाली येतो आणि बोट फक्त स्लॅलमसाठी राखता येते.

पाणी कुठलं? सगळ्यात मोठं पाणी सगळ्यात चांगलं, हा समज सोडा. उघड्या जलाशयावर वारा लांबवर धावत येतो आणि दहा वाजेपर्यंत पाणी खडबडीत होतं. स्लॅलमला वळायच्या जागेसह सहाशे मीटरांचा सरळ, आडोशाचा फाटा पुरतो, खोली दोन मीटर तरी हवी, काठ उताराचा हवा. उभ्या भिंतीवरून लाट परत येते, उताराच्या मातीत ती मरते. मामा (माजी मालगुजारी) तलावांना मात्र हात लावू नका. तिथे शिंगाडा आहे, मासोळी आहे, धानाचं पाणी आहे, उन्हाळ्यात गाळपेरा आहे, खोलीही नाही. नवेगावबांध पाखरांचं आणि वाघाचं आहे, तिथे इंजिनाचा विषयच काढू नये. गोसेखुर्दमध्ये तर नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे उतरतं. स्कीअर पडतो तेव्हा पाणी नाकात, कानात, पोटात जातं. पाण्याची तपासणी न करता तिथे पोरं उतरवणं मला मान्य नाही. रामटेकच्या खिंडसी तलावाला नौकाविहाराची सवय आधीपासून आहे. सुरुवात तिथून झाली तर मला जास्त आवडेल.

धरणाच्या पाण्याची आणखी एक अडचण म्हणजे पातळी. बोयांची चौकट पाण्याखाली तारेवर ताणून दोन्ही टोकांना नांगरलेली असते. रब्बीला पाणी सोडलं की पातळी उतरते, तार सैल होते, कोर्स वाकडा होतो आणि 11.5 मीटरचा हिशेब राहत नाही. वर आलेले झाडांचे खुंट वेगळेच. हे सांभाळणारा माणूस डोंग्यातून रोज पाण्यावर जाणारा हवा. कुठे आंब्याचा बुंधा आहे, कुठे विहिरीचा काठ आहे, जाळं कुठे लागतं, हे ढिवर भावांना आणि उठवलेल्या गावांतल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. कोर्स कुठे टाकायचा हे मच्छीमार सोसायटीने ठरवावं, कंत्राटदाराने नव्हे, आणि सकाळची जाळी निघाल्याशिवाय दोरी पाण्यात पडू नये.

हंगाम आपल्याकडे इथल्यापेक्षा चांगला आहे, हे कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. इथे मेमोरियल डेपासून (मे अखेर) लेबर डेपर्यंत (सप्टेंबरची सुरुवात) खरा खेळ, पुढे वेटसूट आणि मग डॉक बाहेर, बर्फ. आपल्याकडे पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सकाळी काचेसारखं पाणी मिळतं. जगातले लोक अशा पाण्यासाठी फ्लोरिडाला जातात.

"तिकडून सांगायला" हा टोमणा मला लागतो, तो यामुळे. इथली सरोवराकाठची केबिन आजोबांकडून येते. माझ्या आजोबांकडून मला सातबारा आला. इथे मी पब्लिक ॲक्सेसवरून, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या धक्क्यावरून, पाण्यात उतरतो आणि संध्याकाळी निघून जातो. काठ दुसऱ्यांचा असतो. तिकडे आता माझं मतदान नाही, फक्त मत मांडणं उरलं आहे. ज्या पाण्यावर कुणालाही दोरी धरता येईल अशा पाण्याची बाजू मी इतक्या हट्टाने घेतो, त्यात माझीही जागा मी शोधतो आहे, हे मला कळतं. त्याने बोयांचं अंतर बदलत नाही.

पहिल्या वर्षी पूर्ण कोर्सही टाकू नका. एक बूम, मोठ्यांच्या आणि पोरांच्या स्कींच्या दोन-दोन जोड्या, मापाचे लाइफ जॅकेट, छोटा कोर्स आणि एक नोंदवही. वहीत नाव, गाव, वेग आणि बोया एवढे चार रकाने पुरतात. पर्यटक की खेळाडू असा पाचवा रकाना काढू नका, एवढंच ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंना माझं मागणं आहे.