एका फुप्फुसाचा सुपरहिरो

पावसाळ्यात बेळगावात रात्री नऊनंतर दोन गोष्टी न सांगता येतात. एक पाऊस आणि दुसरा शाळेचा मेसेज. परवा दोन्ही एकदम आले. म्हणजे मेसेज चार दिवसांपूर्वीच आला होता, पण बायकोच्या फोनमध्ये तो ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांखाली गाडला गेला होता. मजकूर असा: खऱ्या कलावंतावरून सुपरहिरो तयार करा. पोशाख, शक्ती, शत्रू आणि अड्डा दाखवा. चार्ट पेपर आणा. दोन मिनिटं बोला. उद्या.

खडेबाजारातली दुकानं एव्हाना मिटली होती. शेवटी गेल्या वर्षीचा ‘पाण्याचे चक्र’ उलटा केला. मागचे ढग पुढे दिसत होते, पण म्हटलं सुपरहिरोला आकाश लागतंच.

“व्हॅन गॉग काढला असता,” लेक म्हणाली, “खरं निम्म्या वर्गानं तोच घेतलाय.”

(आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. आणि आमच्या मुली ‘मी आले’ म्हणत नाहीत, ‘मी आलो’ म्हणतात. पुण्याचे पाहुणे यावर अर्धा तास हसतात. हसू देत.)

व्हॅन गॉगनं 1888 च्या डिसेंबरात कान कापून घेतला, एवढं पाचवीच्या पोरांना पाठ आहे. त्याची सूर्यफुलं मात्र त्यांना गोडेतेलाची जाहिरात वाटतात. मी म्हटलं, एवढ्या लांब कशाला जायचं? आपला कुमार गंधर्व घे.

“तो हॉल न्हवं?”

चूक तिची नाही. त्या नावाचं रंगमंदिर आहे गावात, आणि तिथं ती गॅदरिंगला झाड झाली होती. मी मग सरसावून बसलो. पोरी, हा माणूस जन्मला आपल्या सुळेभावीला, 8 एप्रिल 1924. मिरजेच्या गाडीनं गेलं की सांबऱ्याच्या पुढचं स्टेशन. खरं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ. गाणं ऐकून लहानपणीच स्वामीजींनी ‘कुमार गंधर्व’ म्हटलं आणि तेच चिकटलं. म्हणजे दोन नावं आधीपासूनच आहेत! सगळ्या सुपरहिरोंना लागतात ती!

लेकीचे डोळे चमकले. “शक्ती काय?”

इथं मी अडकलो. “गातो” म्हटल्यावर तिनं आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाकडे बोट दाखवलं. तिथं सगळेच गातात.

“बरं, शत्रू कोण?”

“क्षयरोग. ऐन तारुण्यात गाठलं. 1948 साली हवापालटासाठी देवासला, माळव्यात जावं लागलं. एक फुप्फुस निकामी झालं. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पाच-एक वर्षं अंथरुणावर.”

“पाच वर्षं झोपूनच? फाइट नाही?”

“तिथंच तर सगळं आहे! पडल्या पडल्या पाखरं ऐकली, माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली. मग स्ट्रेप्टोमायसीन आलं आणि...”

“म्हणजे औषधच हिरो.”

माझा पारा चढला. फुप्फुस गेलं तर माणसानं काय केलं असेल? लांबलचक ताना सोडून सूर छोट्या छोट्या तुकड्यांत फेकला आणि मधे थांबायला लागला. लोक त्या थांबण्यावर जीव टाकायला लागले. ऐकलेल्या लोकधुनांतून नवे राग बांधले. कबीराची निर्गुणी भजनं अशी गायली की... पण हे चार्टवर काढायचं कसं? जाळं फेकणारा हात काढता येतो. वीज काढता येते. थांबणं कसं काढणार?

तिनं चित्रकाराच्या अधिकारानं निर्णय दिला. उजव्या बाजूला लाल फुप्फुस, डाव्या बाजूला करडं. अड्डा म्हणून देवासची टेकडी. पोशाख झब्बा. “खरं झब्बा आजोबा पण घालतात. मागे काय तरी उडणारं पाहिजे.”

बाहेर आमच्या शेजारच्या काकू आल्या होत्या. त्या घरात कानडी बोलतात आणि आमच्याशी मराठी भांडतात. फुग्यातला संवाद कानडीत पाहिजे, त्यांनी बजावलं. माणूस कानडी घरातला! माझी आई म्हणाली, मोठा केला मराठी माणसांनी, शिकला मुंबईत देवधर मास्तरांकडे, तेव्हा मराठीच. मी हळूच सुचवलं की तो कबीराची भजनं हिंदीत गात होता. दोघींनी एकदम माझ्याकडे असं पाहिलं की सीमाप्रश्न घटकाभर सुटला. शेवटी फुग्यात नुसता ‘सा’ लिहिला. तरी तो कुठल्या लिपीत, यावर दहा मिनिटं गेली.

या गडबडीत लेकीनं कपाटातून कापड काढून, कापून, डकवलंसुद्धा. केप झकास दिसत होता. हिरवा अंग, लाल काठ. बायको गप्प झाली. ते आईच्या ठेवणीतल्या इरकलीचं टोक होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक दप्तर आपटत आली. दहापैकी सात.

“तीन का गेले?”

“विसरलो म्हणून.”

“काय विसरलीस? रात्री बारापर्यंत घोकलंस की!”

“विसरलो न्हवतो ओ बाबा! कान धरून ‘सा’ लावलो आणि थांबलो. तुम्हीच सांगितलासा न्हवं, थांबणं हीच शक्ती म्हणून? तर बाई म्हणाल्या, पुढचं आठवत नाही काय, बस खाली.”

मी काही बोललो नाही. आतून आईची हाक आली, तिची हिरवी इरकल कुणी पाहिली काय म्हणून. आम्ही दोघंही थांबलो.