गच्चीची किल्ली

आज सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या फाटकावर जे घडले ते दिवसभर मनातून गेलेले नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. डासांच्या अळ्या तपासण्यासाठी दोन कर्मचारी आले होते. त्यांतल्या एक पन्नाशीच्या ताई होत्या आणि दुसरा विशीतला मुलगा होता. त्यांना गच्चीवरच्या टाक्या पाहू दिल्या नाहीत. गच्चीची किल्ली सचिवांकडे आहे आणि ते बाहेर गेले आहेत, असे आधी सांगण्यात आले. मग समितीतील एका गृहस्थांनी मनातले बोलून टाकले, "महामारी संपली ना आता? मग दर आठवड्याला काय तपासायचे असते तुम्हाला?" ताईंनी उत्तर दिले नाही. त्यांनी वहीत काहीतरी नोंदवले, पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि त्या पावसातच शेजारच्या इमारतीकडे निघून गेल्या. मी हेल्मेट हातात धरून तिथेच उभा होतो आणि मीही काही बोललो नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, नाशिक जिल्ह्यातील पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत आरोग्य कर्मचारी होते. गावात त्यांना कोणी त्यांच्या हुद्द्याने ओळखत नसे. 'हिवतापवाले', म्हणजे मलेरियावाले, एवढेच म्हणत. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचे, कोणाला ताप येऊन गेला का ते विचारायचे, आला असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्तनमुना घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवरच्या चौकटीत तारीख लिहून सही करायची, हे काम त्यांनी चौतीस वर्षे केले. ज्या घरात ताप नसे तिथेही ते जात, कारण ताप नाही ही सुद्धा नोंदच असते, असे ते सांगत.

आता २०२० च्या ऑगस्टविषयी सांगतो. माझ्या धाकट्या भावाला थंडी वाजून ताप आला. तो सातपूरला नोकरीला होता आणि कारखान्यात रुग्ण सापडतच होते, त्यामुळे सर्वांच्या मनात एकच शब्द आला. त्याला मागच्या खोलीत ठेवले. तपासणी झाली, करोना नाही असा निष्कर्ष आला. ताप उतरला, दुसऱ्या दिवशी तो बरा दिसला, तिसऱ्या दिवशी पुन्हा दात वाजू लागले. पुन्हा करोनाची तपासणी, पुन्हा तोच निष्कर्ष. ज्या खासगी दवाखान्यात गेलो तिथे त्याला बाहेर रिक्षातच बसवून ठेवले आणि चार दिवसांनी तिसऱ्यांदा तपासणी करा असे सांगितले. सहा दिवसांत एकाही माणसाने त्याच्या रक्ताची काचपट्टी घेतली नाही.

अण्णा मात्र त्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. थंडी किती वाजता भरली, घाम किती वाजता सुटला, हे ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पेन्सिलीने लिहीत होते. सहाव्या दिवशी त्यांनी दिनदर्शिका खिळ्यावरून काढून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "एक दिवसाआड, दुपारी, अडीच-तीनच्या मध्ये. याला हिवताप आहे. काचपट्टी घ्यायला लाव." तपासणीत व्हायव्हॅक्स या प्रकारचा हिवताप निघाला.

आणि इथेच माझा संताप सुरू होतो. त्याच वर्षी मार्च महिन्यात याच शहरातील औषधांच्या दुकानांतून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या नाहीशा झाल्या होत्या. हे क्लोरोक्विनचेच भावंड, म्हणजे मूळचे हिवतापाचे औषध. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी त्याची शिफारस झाली, आणि ज्यांचा रुग्णसेवेशी काडीचा संबंध नव्हता त्यांनी पाकिटेच्या पाकिटे कपाटात भरून ठेवली. ज्यांना संधिवातासाठी किंवा ल्युपससाठी ती गोळी रोज लागत असे ते दुकानोदुकान फिरले. करोनाच्या रुग्णांना तिचा उपयोग होत नाही हे जूनपर्यंत ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत दिसूनही आले. हिवतापाचे औषध सर्वांना हवे होते. हिवताप कोणाच्या डोक्यात नव्हता. माझा भाऊ खऱ्या हिवतापाने फणफणत होता आणि आमच्याच इमारतीतील तीन घरांत त्या गोळ्या पडून होत्या.

हिवतापाला आपण महासाथ म्हणत नाही, कारण तो शब्द आपण नव्या किंवा अचानक भडकलेल्या रोगासाठी राखून ठेवला आहे. जो रोग दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत येतो आणि बहुतेक ठरलेल्याच माणसांना मारतो, त्याला आपण हंगाम म्हणतो. २०२३ या एका वर्षात जगात सुमारे सहा लाख माणसे हिवतापाने मेली. त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील, आणि त्यांतही बहुसंख्य पाच वर्षांखालची मुले. हिवताप खोकल्यातून पसरत नाही, त्याला डास लागतो, आणि म्हणून तो करोनासारखा महिनाभरात जग व्यापू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण पाऊस, महागाई आणि डास एकत्र आले की हाच संथ रोग काय करतो हे १९०८ साली पंजाबने पाहिले आहे. त्या एका शरद ऋतूत तिथे सुमारे तीन लाख माणसे दगावली, आणि अमृतसर शहरातले व्यवहार ठप्प झाले होते.

शिवाय नवी साथ आली की जुनी थांबत नाही, उलट तिला मोकळे रान मिळते. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा त्याचा सुरुवातीचा ताप आणि हिवतापाचा ताप वेगळा ओळखता येत नव्हता. लोक दवाखान्यात जायलाच घाबरू लागले आणि ज्या हिवतापावर साध्या गोळ्या होत्या त्याने माणसे घरातच मेली. २०२० मध्ये पुन्हा तेच झाले. जगभरात हिवतापाने आदल्या वर्षापेक्षा सुमारे ६९ हजार अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मांडला होता, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मृत्यू हे तपासणी, औषधे आणि मच्छरदाण्या यांचे काम विस्कळीत झाल्यामुळे झाले होते. मागच्या खोलीत सहा दिवस पडलेला माझा भाऊ मला त्या आकड्यांच्या अगदी काठावर उभा दिसतो. त्याच्याजवळ अण्णा होते. बाकीच्यांच्या दाराबाहेर कोण बसले होते?

भावाची गोष्ट मात्र इथे संपत नाही. व्हायव्हॅक्सचे परजीवी यकृतात दडून बसतात, म्हणून रक्तातील परजीवी मारणाऱ्या तीन दिवसांच्या गोळ्यांनंतर प्रायमाक्विन हे औषध चौदा दिवस घ्यावे लागते. अण्णांच्या खात्यात याला समूळ उपचार म्हणत. ताप उतरला, भावाला बरे वाटले आणि पाचव्या दिवशी त्याने गोळ्या सोडल्या. आम्हीही लक्ष दिले नाही. डिसेंबरात पुन्हा तीच थंडी, तीच दुपारची वेळ. त्या दिवशी अण्णा त्याच्यावर जितके चिडले तितके मी त्यांना आयुष्यात कधी चिडलेले पाहिले नव्हते. ते म्हणाले, "देशानेही हेच केले होते, आणि निस्तरायला आम्हाला जावे लागले."

ते खरेच होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख माणसे त्याने मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रणाचा आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. इतके मोठे यश आपल्या देशाने क्वचितच पाहिले असेल. मग काम ढिले पडले, फवारणी रेंगाळली, डीडीटी या कीटकनाशकाला डास दाद देईनासे झाले, आणि १९७६ मध्ये रुग्णांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला. त्यानंतर तीन वर्षांनी अण्णा नोकरीला लागले.

आमच्या समितीतील गृहस्थांना वाटते की हिवताप हा सुरगाण्याच्या जंगलातला रोग आहे. शहरात रुग्ण कमी आहेत हे खरे आहे, नाकारत नाही. पण द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून मजूर दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात, पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत जिथे तिथे नव्या इमारतींचे स्लॅब पाण्याखाली भिजत आहेत, लिफ्टच्या खड्ड्यांत पाणी साचले आहे, आणि शहरांत हिवताप पसरवणारा ॲनाफिलिस स्टीफेन्सी हा डास नेमका अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत वाढतो. हा आपल्याकडच्या शहरांतला डास २०१२ मध्ये आफ्रिकेच्या काठावर जिबुतीत आढळला आणि पुढे इथिओपियात पोहोचला, जिथे २०२२ मध्ये डिरे दावा शहरात त्याच्यामुळे हिवतापाची साथ आली. जो रोग तिथे प्रामुख्याने खेड्यांचा मानला जात होता, तो टाकीतल्या पाण्यातून शहरात शिरला. आणि आपल्याकडे २०२७ च्या सिंहस्थासाठी देशभरातून माणसे येणार आहेत, येताना आपापल्या गावचे ताप घेऊन येणार आहेत. त्या वेळी कोणता ताप नेहमीचा आणि कोणता नवा, हे कोण ओळखणार? ज्याने नेहमीचे ताप वर्षानुवर्षे मोजले आहेत तोच ओळखेल. त्यालाच आपण फाटकावरून परत पाठवतो आहोत.

अनोळखी माणसांना इमारतीत सोडताना ओळखपत्र पाहावे, याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. ताईंच्या गळ्यात ते होते.

एवढे लिहून झाल्यावर मी शेजारच्या इमारतीच्या रखवालदाराकडून ताईंचा नंबर मिळवला आणि फोन केला. सकाळच्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली. त्यांना ती इमारत आठवेना. आज अशी पाच-सहा फाटके झाली होती, म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. करोनाच्या काळात त्या घरोघरी ऑक्सिजन मोजत फिरत होत्या आणि त्या वर्षी रक्तनमुने निम्मेसुद्धा झाले नाहीत, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी खुणेने फोन मागितला आणि विचारले, "ताई, काचपट्टी अजून घेता ना?" त्यानंतर दोघे पंधरा मिनिटे बोलत होते, सुरगाण्याच्या पाड्यांविषयी, डासांच्या अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांविषयी, कोणत्या महिन्यात ताप वाढतो त्याविषयी. ऐकताना माझा सकाळचा राग बराच निवला.

ताई पुढच्या गुरुवारी दहा वाजता पुन्हा येणार आहेत. मी रजा टाकली आहे. सचिवांकडून गच्चीची किल्ली आज रात्रीच आणून ठेवली आहे, आणि टाक्या दाखवायला जिना चढून स्वतः येईन असे अण्णांनी मला दोनदा बजावले आहे.